चित्रकथेतून संस्कार : अनंत पै आणि त्यांचे सहकारी
(बालवाङ्मय या विषयावरील व्याख्यानाचे शब्दांकन)



मुलांच्या वाचनाविषयी चिंता व्यक्त करणे हा आपल्या समाजाचा जुना परिपाठ आहे. मुले वाचत नाहीत, मुलांना आपले पूर्वज ठाऊक नाहीत, परकीय पात्रांनी घर व्यापले आहे, ही वाक्ये प्रत्येक पिढीतील वडीलधाऱ्यांनी उच्चारलेली आहेत. चिंता खरी असते. परंतु ती व्यक्त करून सभा संपते आणि दुसऱ्या दिवशी मुलाच्या हाती तेच पुस्तक पडते, जे बाजारात सहज आणि स्वस्त मिळते. या चिंतेचे रूपांतर ज्यांनी रोजच्या कामात केले, अशी माणसे विरळा. ‘अमर चित्रकथा’ आणि ‘टिंकल’ यांचे जनक अनंत पै हे त्यांपैकी एक होत. त्यांच्या कार्याची स्तुती पुष्कळ झालेली आहे. त्या कार्याची घडण मात्र क्वचितच पाहिली जाते. चित्रकथा कशी जन्मते, ती कोणाच्या कष्टावर उभी राहते, शाळेच्या दारात तिला कसा प्रवेश मिळतो आणि ती करणाऱ्यांचे पोट कसे चालते, हे जाणून घेतल्यावाचून त्या कार्याचा वारसा पुढे नेता येणार नाही.

पहिला प्रयत्न

अनंत पै यांचा जन्म १७ सप्टेंबर १९२९ रोजी कर्नाटकातील कारकळ येथे झाला. वयाच्या दुसऱ्या वर्षीच आईवडिलांचे छत्र हरपले. बाराव्या वर्षी ते मुंबईस आले आणि माहीमच्या ओरिएंट शाळेत दाखल झाले. पुढे मुंबई विद्यापीठातून त्यांनी रसायन तंत्रज्ञानाचे शिक्षण घेतले. स्वातंत्र्योत्तर काळात कारखाने उभे राहत होते. अशा शिक्षणाला मागणी होती, स्थैर्य होते, प्रतिष्ठा होती. पै यांचे मन मात्र मुलांच्या मासिकात गुंतलेले होते.

१९५४मध्ये त्यांनी ‘मानव’ नावाचे मुलांचे मासिक काढले. ते चालले नाही. मासिक काढणे आणि मासिक चालवणे यांतील अंतर ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना या तीन शब्दांमागचे दुःख समजेल. कागद उधारीवर मिळतो, छपाईचे देयक थांबत नाही, वर्गणीदार कौतुक करतात पण नूतनीकरण विसरतात. मराठीतही भा. रा. भागवत यांच्यासारख्या समर्थ लेखकाने पत्नी लीलावतीबाई यांच्या साथीने ‘बालमित्र’ काढले, ते हौसेने आणि पदराला खार लावून. मुलांसाठी काही करू पाहणाऱ्याला बहुधा पहिला धडा तोट्याचाच मिळतो. काहींचे काम त्या धड्यापाशीच संपते. पै यांचे तसे झाले नाही. आपल्याला कल्पना आहे, पण तिला पोचवणारी यंत्रणा ठाऊक नाही, ही उणीव भरून काढण्यासाठी ते या व्यवसायाच्या आत शिरले.

वेताळाच्या दालनात

टाइम्स ऑफ इंडिया समूहाच्या पुस्तक विभागात पै रुजू झाले. १९६४च्या मार्चमध्ये या समूहाने ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले. आज साठी ओलांडलेल्या वाचकांना महाबली वेताळ आणि जादूगार मांड्रेक आठवत असतील. गुहेतील सिंहासन, कवटीची अंगठी, मुखवट्याआडचे न दिसणारे डोळे, या साऱ्यांनी मराठी घरांतील मुलेही भारावून गेली होती. ही पात्रे अमेरिकेत जन्मलेली, त्यांची रेखाटने तेथून येणारी आणि संवाद तेवढे आपल्या भाषांत उतरवलेले.

परकीय म्हणून हे सारे झिडकारणे सोपे होते. पै यांनी त्यातून शिकण्याचा मार्ग पत्करला. मूल पान का उलटते, एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत नजर कशी सरकते, किती शब्द मुलाला पेलतात आणि कितव्या शब्दाला ते कंटाळते, अंक ठरल्या वेळी दुकानात पोचला नाही तर काय होते, हे सारे त्या दालनातच कळण्यासारखे होते. चित्रकथा ही हलकी वस्तू नाही, तिच्या ठायी मुलाचे लक्ष खिळवून ठेवण्याची विलक्षण शक्ती आहे, हे त्यांनी तेथे पाहिले. शक्ती परकीय नायकांच्या सेवेत होती, इतकेच.

एका मातेचे नाव

१९६७च्या फेब्रुवारीत पै दिल्लीत होते. तेथील दूरचित्रवाणीवर विद्यार्थ्यांची प्रश्नमंजुषा चालू होती. ग्रीक पुराणकथांवरील प्रश्नांना स्पर्धक झटपट उत्तरे देत होते. मग प्रश्न आला : श्रीरामाच्या मातेचे नाव काय? स्पर्धक निरुत्तर झाले.

हा प्रसंग अनेकदा सांगितला जातो आणि तो ऐकून मुलांना दोष देण्याची आपली प्रवृत्ती असते. वस्तुतः त्या मुलांचा दोष नव्हता. ग्रीक देवतांच्या कथा त्यांना आकर्षक, सचित्र, इयत्तेनुसार रचलेल्या पुस्तकांतून मिळाल्या होत्या. कौसल्येचे नाव त्यांना आजीकडून मिळायचे, आणि नोकरीनिमित्त शहरात आलेल्या कुटुंबांत आजी गावी राहिली होती. परंपरा पोचवणारी जुनी वाट बंद झाली होती आणि नवी वाट कोणी बांधली नव्हती. पै यांनी या प्रसंगाचा अर्थ असा लावला, म्हणून त्यांच्या हातून विलाप न होता काम झाले.

त्यांनी नोकरी सोडली. भारतीय पुराणे आणि इतिहास यांवर चित्रकथांची मालिका काढण्याची कल्पना घेऊन ते प्रकाशकांकडे गेले. नकार ऐकावे लागले. अखेर ‘इंडिया बुक हाउस’ने कल्पना स्वीकारली. मालिकेच्या पहिल्या दहा क्रमांकांत पाश्चात्त्य परीकथा होत्या. अकरावा क्रमांक ‘कृष्ण’ हा होता, आणि तेथून खऱ्या अर्थाने अमर चित्रकथेचा प्रवास सुरू झाला. संहिता पै यांची होती, चित्रे राम वाईरकर यांची.

शाळेच्या दारी

पुस्तक छापले म्हणजे काम झाले, हा समज पहिल्या काही वर्षांतच दूर झाला. विक्री मंद होती. त्या काळी शाळांतील वातावरण असे की, दप्तरात कॉमिक्स सापडले तर ते जप्त होई आणि पालकांना बोलावणे जाई. शिक्षकांच्या दृष्टीने चित्रकथा म्हणजे वाचनाची सवय बिघडवणारा खाऊ. अशा शिक्षकांकडे जाऊन, हेच माध्यम तुमच्या इतिहासाच्या तासाला उपयोगी पडेल, असे पटवून द्यायचे होते.

पै स्वतः शाळांत जात. मुख्याध्यापकांना भेटत, मुलांशी बोलत. आंतरशालेय प्रश्नमंजुषा घेतल्या गेल्या. ज्या प्रकारच्या स्पर्धेत एका मातेचे नाव हरवले होते, त्याच प्रकारच्या स्पर्धेतून ते परत आणण्याचा हा उपक्रम होता. १९७८मध्ये दिल्लीत ‘शालेय शिक्षणात चित्रकथेचे स्थान’ या विषयावर परिसंवाद झाला. इतिहासाचा एकच भाग काही विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकातून आणि काहींना चित्रकथेतून शिकवून दोहोंची तुलना करण्याचा प्रयोगही करण्यात आला आणि चित्रकथेची बाजू त्यात सरस ठरली. ज्या वस्तूवर शाळेत बंदी होती, तीच वस्तू शाळेच्या ग्रंथालयात मानाने विराजमान झाली. हे परिवर्तन एका भाषणाने घडलेले नाही. एकेका शाळेची पायरी चढून ते घडवावे लागले.

संघटनेत काम करणाऱ्यांना ही पद्धती अपरिचित नाही. घरोघरी संपर्क, सातत्य, नकारानंतरही टिकणारा स्नेह, यांवरच कोणतेही कार्य उभे राहते. पै यांच्या जीवनात संपर्काचा हा धागा शेवटपर्यंत टिकला. १९८०मध्ये ‘टिंकल’ सुरू झाल्यावर देशभरातील मुलांची पत्रे ‘अंकल पै’ या नावाने येऊ लागली. मुलांनी पाठवलेल्या लोककथांना अंकात स्थान मिळू लागले. १९८३च्या जानेवारीत प्रथम प्रकटलेला भोळा, आज्ञाधारक आणि गोंधळी सुप्पंडी हाही एका वाचकाने पाठवलेल्या तमिळ लोककथेतूनच आला. मुले केवळ वाचक राहिली नाहीत. ती त्या नियतकालिकाची भागीदार झाली.

रेषेचे कष्टकरी

पै स्वतः हाती कुंचला घेणारे चित्रकार नव्हते. ते संपादक आणि संहितालेखक होते. ज्या हातांनी राम, कृष्ण, शिवराय मुलांच्या डोळ्यांपुढे उभे केले, ते हात दुसरे होते आणि त्यांतील कित्येक आपल्या मुंबई-पुण्याचे होते. आपल्या घराघरांत अमर चित्रकथेचे संच आहेत. त्यांतील किती घरांत राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम, चंद्रकांत विटणकर ही नावे ठाऊक आहेत?

अमर चित्रकथेतील ‘शिवाजी’ची संहिता भा. रा. भागवत यांची आणि चित्रे प्रताप मुळीक यांची. म्हणजे फास्टर फेणेचा जनक आणि पुण्याचा एक कसलेला चित्रकार यांनी मिळून मराठी मनातील शिवराय भारतभरच्या मुलांपर्यंत नेले. दिलीप कदम यांनी ‘बाबासाहेब आंबेडकर’ चितारले, आणि पुढे १९८५पासून ४२ भागांत प्रसिद्ध झालेल्या महाभारताच्या चित्रणाचा मोठा भार वाहिला. सुप्पंडीचे लांबुडके डोके वाईरकरांच्या रेषेतून उतरले, तर डोळ्यांवर टोपी ओढलेला शिकारी शंभू वसंत हळबे यांच्या.

या कामाचे स्वरूप समजून घेतले पाहिजे. बत्तीस पानांच्या एका अंकात सुमारे दीडशे चौकटी येतात. म्हणजे दीडशे स्वतंत्र चित्रे. प्रत्येक चौकटीत नायक तोच दिसला पाहिजे, मग तो घोड्यावर असो, पाठमोरा असो वा गर्दीत असो. महाभारतातील रथाला चाके किती, मौर्यकालीन स्त्रीचे वस्त्र कसे, सतराव्या शतकातील मावळ्याच्या कमरेला काय, याचा शोध शिल्पांतून, जुन्या चित्रांतून, ग्रंथांतून घ्यावा लागतो. आधी पेन्सिलीचा आराखडा, मग काळ्या शाईची रेषा, मग रंग, आणि संवादांच्या फुग्यांत हाताने घातलेली अक्षरे. संवाद काळ्या रंगात असल्यामुळे दुसऱ्या भाषेतील आवृत्तीसाठी छपाईची काळी पट्टिका तेवढी बदलावी लागे, बाकीच्या रंगांच्या पट्टिका त्याच राहत. या साध्या व्यवस्थेमुळे एकच चित्र अनेक भाषांतील मुलांपर्यंत माफक खर्चात पोचू शकले. अमर चित्रकथा वीसहून अधिक भाषांत गेली आणि तिच्या प्रतींची संख्या दहा कोटींच्या पलीकडे पोचली. भाषा निराळ्या, पण काश्मीरच्या आणि केरळच्या मुलाने पाहिलेला कृष्ण एकच. राष्ट्रीय एकात्मता हा शब्द न उच्चारता ती साधण्याचा असा प्रयत्न क्वचितच झाला असेल.

परंतु या व्यवसायात चित्रकाराच्या वाट्याला काय येते? चित्रकथेच्या क्षेत्रातील सर्वसाधारण रीत अशी की, पानामागे ठरलेले मानधन मिळते, आणि पात्र प्रकाशनसंस्थेचे होते. पुस्तकाच्या किती आवृत्त्या निघाल्या, याच्याशी चित्रकाराचा संबंध पुष्कळदा उरत नाही. म्हणून चित्रकाराला एकाच वेळी मासिकांची मुखपृष्ठे, पाठ्यपुस्तकांतील चित्रे, जाहिराती अशी अनेक कामे करावी लागतात. पै यांनी १९६९मध्ये ‘रंगरेखा फीचर्स’ ही संस्था स्थापन केली, तिचे महत्त्व या पार्श्वभूमीवर ध्यानात येते. एकच चित्रमालिका अनेक वृत्तपत्रांना पुरवायची, प्रत्येकाने थोडे मूल्य द्यायचे आणि त्यातून ती करणाऱ्याचा निर्वाह व्हायचा, अशी ही व्यवस्था. पाश्चात्त्य चित्रमालिका आपल्या वृत्तपत्रांत स्वस्तात येत, त्या याच व्यवस्थेच्या बळावर. तेच शस्त्र स्वदेशी चित्रकाराच्या हाती देण्याचा हा प्रयत्न होता.

आक्षेप आणि वस्तुस्थिती

अमर चित्रकथेवर देशी-विदेशी विद्यापीठांतून टीकाही पुष्कळ झाली. या मालिकेने भारत म्हणजे केवळ हिंदू भारत असे चित्र उभे केले, स्त्रिया आणि वंचित यांना गौण स्थान दिले, असे आक्षेप घेतले गेले. टीकेचे स्वागत असावे, पण तिने संपूर्ण सूचीही वाचावी. त्या सूचीत ज्ञानेश्वर, तुकाराम आहेत, तसेच चोखा मेळा आहेत. सावरकर आहेत आणि बाबासाहेब आंबेडकरही आहेत. अकबर आहे, कबीर आहेत, येशू ख्रिस्तही आहेत. झाशीची राणी आहे. एखाद्या चित्रणात उणीव असेल, एखाद्या काळाची दृष्टी अपुरी असेल, तर तिच्यावरील उत्तर अधिक चांगली चित्रकथा हेच असू शकते. टीकाकारांनी तशा चित्रकथा काढाव्यात, आणि आपणही केवळ प्रत्युत्तरांवर समाधान मानू नये.

ओघ आटला तेव्हा

१९८०च्या दशकाच्या अखेरीस रामायण आणि महाभारत दूरचित्रवाणीवर आले. पाठोपाठ केबलच्या वाहिन्या आल्या. ज्या मुलांच्या हाती चित्रकथा होती, त्यांच्या हाती दूरनियंत्रक आला. चारशेहून अधिक शीर्षके प्रसिद्ध झाल्यानंतर १९९१च्या सुमारास नव्या अंकांची निर्मिती थांबली आणि मालिका दीर्घकाळ पुनर्मुद्रणांवर चालली. २००७मध्ये तिची मालकी नव्या कंपनीकडे गेली.

या घटनाक्रमात एक इशारा आहे. जुन्या संचाचे पुनर्मुद्रण हा वारसा जपण्याचा मार्ग आहे, वाढवण्याचा नव्हे. नवी कथा, नवी रेषा, नवा चित्रकार पुढे आला नाही, तर मुलांचे जग दुसरे कोणीतरी भरून काढते. आज जपानी चित्रकथा आणि कोरियन मालिका आपल्या किशोरांच्या भ्रमणध्वनीवर आहेत. त्यांमागे त्या देशांनी उभी केलेली चित्रकारांची, प्रकाशकांची आणि वाचकांची भक्कम साखळी आहे. ती जादूने आलेली नाही.

१९ फेब्रुवारी २०११ रोजी दिल्ली हाट येथे भारतातील पहिल्या ‘कॉमिक कॉन’ मेळाव्यात अनंत पै यांना जीवनगौरव सन्मान देण्यात आला. पाचच दिवसांनी, २४ फेब्रुवारीस, त्यांनी जगाचा निरोप घेतला. त्यानंतर असे मेळावे अनेक शहरांत होऊ लागले. तेथे एखाद्या छोट्या मेजामागे बसून स्वतः लिहिलेला, स्वतः चितारलेला आणि स्वखर्चाने छापलेला अंक विकणारे तरुण दिसतात. अंकीय छपाईमुळे आता शंभर-दोनशे प्रतीही काढता येतात. १९५४च्या ‘मानव’कर्त्याला हे साधन उपलब्ध नव्हते. साधन सुलभ झाले, पण गिऱ्हाईक मिळवण्याची अडचण मात्र जशीच्या तशी आहे.

आपले कर्तव्य

म्हणूनच या विषयाचा शेवट प्रकाशकांपाशी वा शासनापाशी होत नाही. तो आपल्या घरापाशी होतो.

पहिली गोष्ट, विकत घेणे. अमर चित्रकथांची स्कॅन केलेली पाने आपल्याच गटांतून, ‘संस्कारक्षम साहित्य, पुढे पाठवा’ अशा विनंतीसह फिरत असतात. हेतू शुद्ध असतो, परिणाम घातक. १९५७च्या कायद्यानुसार लेखक-चित्रकारांच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत स्वामित्वहक्क अबाधित राहतो. पण कायद्याची भीती बाजूला ठेवली तरी, ज्या कामाचे मोल आपण संस्कृतीच्या तराजूत करतो, त्याचे मूल्य देताना हात आखडणे हे अप्रामाणिकपणाचे आहे. फुकट वाटल्या गेलेल्या प्रत्येक पानाबरोबर पुढचे पान काढणाऱ्याचा धीर खचतो.

दुसरी गोष्ट, चित्रकाराला शाळेत बोलावणे. आपल्या विचारांच्या कार्यकर्त्यांनी चालवलेल्या शाळा महाराष्ट्रात गावोगावी आहेत. स्नेहसंमेलनाला पाहुणा हवा असतो तेव्हा चित्रकारालाही बोलवावे. त्याने फळ्यावर चार रेषांत घोडा काढावा, मुलांनी शिवाराय त्याच्या पाठीवर बसवावेत. अशा तासातूनच पुढचा मुळीक, पुढचा वाईरकर सापडेल. मात्र त्या तासाचे मानधन द्यावे. शाल आणि श्रीफळ यांनी सत्कार होतो, घरभाडे भरले जात नाही.

तिसरी गोष्ट, नाव. गोष्ट वाचून झाल्यावर मुलाला विचारावे, ही चित्रे कोणी काढली? कोण्या कलावंताने रात्री जागून हा घोडा काढला आहे, हे मुलाला कळले म्हणजे त्याच्या ठायी श्रमाचा आदर निर्माण होतो. तोही संस्कारच आहे.

चौथी गोष्ट, आपल्यातील तरुणांना या वाटेने जाऊ देणे. अभियांत्रिकीकडे पाठ फिरवून चित्रकथेकडे वळू पाहणारा मुलगा घरात असेल तर त्याला निदान दोन वर्षांचा अवधी द्यावा. रसायन तंत्रज्ञान शिकलेला एक तरुण मुलांच्या मासिकाच्या नादी लागला, तेव्हा कोणीतरी कपाळाला हात लावला असणारच. त्याचा पहिला प्रयत्न फसला, तरीही त्याने दुसरा केला. त्या दुसऱ्या प्रयत्नातून देशातील लक्षावधी मुलांना कौसल्येचे नाव कळले.

गेली कित्येक वर्षे आपण मुलांना काय वाचू नये हे सांगत आलो आहोत. येत्या वाढदिवसाला, येत्या दिवाळीला, आपल्या गावातील शाळेच्या ग्रंथालयाला एखाद्या नव्या चित्रकाराचा नवा अंक पूर्ण किमतीला विकत घेऊन द्यावा. इतक्या साध्या कृतीपासून प्रारंभ करता येईल.